विकणाऱ्याने व्यवहारातून माघार घेतली तर खरेदीदाराने काय करावे

इसार दिला, पावती झाली, बँकेकडे कर्जाचा अर्ज गेला, मुलांच्या शाळेची चौकशीही झाली, आणि मग एके दिवशी विकणाऱ्याचा निरोप येतो की घरच्यांचा विचार बदलला आहे, तुमचे पैसे परत घेऊन जा. कारण काहीही सांगितले जाते. बहीण सही करायला तयार नाही, मुलगा परदेशातून परत येतो आहे, सोसायटीचे काम अडले आहे. प्रत्यक्षात पुष्कळदा त्या भागातले भाव चढलेले असतात आणि कोणीतरी जास्त रक्कम देऊ केलेली असते. अशा वेळी खरेदीदार दोनपैकी एक चूक करतो. तो रागाच्या भरात पोलीस ठाणे गाठतो, किंवा आज ना उद्या जमेल या आशेवर महिनोन्महिने फोन करत राहतो. कायद्याने त्याला चांगले संरक्षण दिलेले आहे, पण ते मिळणे किंवा न मिळणे हे विकणाऱ्याच्या लबाडीपेक्षा खरेदीदाराच्या स्वतःच्या वागण्यावर अधिक अवलंबून असते. पैसे तयार होते का, तारीख पाळली का आणि हे सगळे कागदावर दिसते का, हे न्यायालय आधी पाहते. पुढचे सगळे विवेचन महाराष्ट्रातील व्यवहार डोळ्यांसमोर ठेवून केलेले आहे.

आधी ठरवा: घर हवे की पैसे

हा प्रश्न वकिलाकडे जाण्यापूर्वी घरात बसून सोडवावा, कारण दोन्ही वाटा पहिल्या पावलापासून वेगळ्या होतात. मालमत्ताच हवी असेल तर विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ खाली करारपूर्तीचा दावा करावा लागतो. कोर्टात सगळे त्याला स्पेसिफिक परफॉर्मन्सचा दावा म्हणतात. २०१८ च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे १ ऑक्टोबर २०१८ पासून, या दाव्याला बरेच बळ आले आहे. पूर्वी करारपूर्तीचा हुकूम द्यावा की नुकसानभरपाईवर भागवावे, हे न्यायालयाच्या विवेकावर होते. आता कायद्यातले ठरावीक अपवाद सोडले तर करारपूर्तीचा हुकूम द्यावा असेच कलम १० सांगते. अशा दाव्याचा निकाल समन्स बजावल्यापासून बारा महिन्यांत लावावा आणि गरज पडल्यास आणखी सहा महिने घ्यावेत, असेही कायद्यात लिहिले आहे. मात्र आपल्या न्यायालयांतील कामाचा बोजा पाहता या मुदतीवर हिशेब बांधू नये. अपिले धरली तर असा वाद अनेक वर्षे चालू शकतो, आणि तेवढा काळ उरलेली रक्कम देण्याची आपली ऐपत टिकवून ठेवावी लागते. ज्याला येत्या वर्षात राहायला घर हवेच आहे आणि ज्याची सगळी बचत या इसारात अडकलेली आहे, त्याने चांगल्या अटींवर पैसे परत घेऊन बाहेर पडण्यात काहीच कमीपणा नाही. परंतु हा निर्णय आपण विचारपूर्वक घ्यावा, विकणाऱ्याने तो आपल्या वतीने घेऊ नये.

हातात काय कागद आहे ते पाहा

नोंदणीकृत साठेखत, म्हणजे पुढे विक्री करण्याचा करार, असेल तर तुमची बाजू सर्वांत भक्कम आहे. साठेखताने मालकी मिळत नाही, ती खरेदीखतानेच मिळते, हे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५४ मध्ये स्पष्ट आहे. तरीही नोंदवलेले साठेखत दुय्यम निबंधक कार्यालयाच्या सूचीत दिसते, आणि नंतर येणाऱ्या कोणत्याही खरेदीदाराला ‘आम्हाला माहीत नव्हते’ असे म्हणता येत नाही.

बऱ्याच जणांकडे मात्र फक्त इसारपावती असते, तीही पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर नोटरी केलेली. ती अगदीच निरुपयोगी आहे असे समजू नये. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ४९ च्या परंतुकानुसार, नोंदणी न झालेला दस्तदेखील करारपूर्तीच्या दाव्यात कराराचा पुरावा म्हणून वाचता येतो. अडचण येते ती मुद्रांक शुल्काची. महाराष्ट्रात विक्रीच्या करारात ताबा दिलेला असेल किंवा पुढे द्यायचे ठरलेले असेल, तर तो करार मुद्रांक शुल्काच्या दृष्टीने खरेदीखतासारखाच धरला जातो. त्यामुळे कमी शुल्काचा कागद न्यायालयात दाखल केला की तो अटकावून ठेवला जातो, आणि कमी पडलेले शुल्क व त्यावर दरमहा दोन टक्क्यांनी चढणारा दंड भरल्याशिवाय तो पुराव्यात वाचला जात नाही. हा खर्च दावा करण्यापूर्वीच हिशेबात धरावा. विकणाऱ्याचे वकील या मुद्द्यावर हरकत घेणार, हे जवळजवळ ठरलेलेच असते.

लेखी काहीच नसेल, तर मालमत्तेचे वर्णन, किंमत आणि दोन्ही पक्षांची मान्यता इतक्या गोष्टी दाखवणारे संदेश, ईमेल आणि बँकेतून गेलेली रक्कम एकत्र करावी. तोंडी करारसुद्धा कायद्याने करारच असतो, पण तो सिद्ध करणे फार कठीण जाते. आणि जी रक्कम रोखीने, पावतीशिवाय दिली गेली, ती परत मिळवण्याचा मार्ग जवळजवळ बंद होतो. आयकर कायद्यानुसार स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने आगाऊ घेता येत नाही. विकणारा रोख रक्कम मागतो तेव्हाच त्याला हा नियम सांगावा. नंतर तो ती रक्कम मिळाल्याचे सरळ नाकारतो, आणि खरेदीदाराला किमतीचा हा भाग करारात का लिहिला नव्हता याचे उत्तर देता येत नाही.

पैसे परत आले तर

सर्वाधिक नुकसान येथे होते, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. विकणारा अनेकदा काही न बोलता इसाराची रक्कम तुमच्या खात्यात भरून टाकतो किंवा धनाकर्ष (डिमांड ड्राफ्ट) पाठवून देतो. खरेदीदार तो वटवतो आणि नंतर भांडायला उभा राहतो. तोवर त्याने व्यवहार मोडणे मान्य केले, असा अर्थ काढायला पूर्ण वाव निर्माण झालेला असतो. परत आलेले धनाकर्ष वटवल्यामुळे खरेदीदाराची करार पुरा करण्याची इच्छा उरली नव्हती, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मधील एका निकालात म्हटले आहे. मालमत्ता हवी असेल तर धनादेश वा धनाकर्ष वटवू नये, आणि तो लेखी पत्रासह परत पाठवावा. रक्कम थेट खात्यात आली असेल तर त्याच आठवड्यात ‘मी ही रक्कम करार रद्द करण्यासाठी स्वीकारलेली नाही’ असे लेखी कळवावे आणि ती परत वळती करावी. ती विकणाऱ्याने पुन्हा नाकारली तर वेगळ्या ठेवीत ठेवून तसेही कळवावे.

दुसरा प्रकार दुप्पट बयाण्याचा. विकणाऱ्याने व्यवहार मोडल्यास इसाराच्या दुप्पट रक्कम द्यावी, असे कलम पुष्कळ पावत्यांत असते, आणि विकणारा त्या कलमाकडे बोट दाखवून ‘घ्या दुप्पट आणि विषय संपवा’ असे म्हणतो. त्याच्याजवळ खरोखरच तेवढा पर्याय असतो असे नाही. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम २३ प्रमाणे, ती रक्कम करार पाळला जावा यासाठी धाक म्हणून लिहिली असेल तर ती द्यायची तयारी दाखवूनही विकणाऱ्याला करारातून सुटता येत नाही. ती पैसे देऊन मोकळे होण्याची मुभा म्हणूनच लिहिली असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून या कलमाची शब्दरचना वकिलाला नीट वाचायला लावावी. नवा करार करत असाल तर ‘या कलमामुळे करारपूर्ती मागण्याच्या खरेदीदाराच्या हक्काला बाधा येणार नाही’ हे एक वाक्य त्यात आवर्जून घालून घ्यावे.

तयारी सिद्ध करणे

कायद्याची अट अशी आहे की खरेदीदार करार झाल्यापासून आपला वाटा पार पाडायला सतत तयार होता आणि इच्छुक होता, हे त्याने सिद्ध केले पाहिजे. तयारी म्हणजे पैशांची ऐपत आणि इच्छा म्हणजे वर्तन. पैसे प्रत्यक्ष विकणाऱ्यापुढे मोजून ठेवावे लागत नाहीत किंवा न्यायालयाने सांगितल्याशिवाय तेथे भरावे लागत नाहीत, परंतु ते कोठून येणार होते हे कागदांवर दिसले पाहिजे.

समजा, पुण्यातील फ्लॅट ८० लाखांना ठरला आणि ८ लाख इसार दिला. उरलेल्या ७२ लाखांपैकी ५६ लाखांचे कर्ज आणि १६ लाखांची स्वतःची ठेव, असा तुमचा बेत आहे. तर बँकेचे कर्जमंजुरीचे पत्र आणि ठेवपावत्या हाच तुमचा पुरावा आहे. मंजुरीपत्राची मुदत संपत आली की ते नूतनीकरण करून घ्यावे, आणि वाद चालू असताना ती ठेव मोडून दुसऱ्या कामाला लावू नये. पुण्यात ७ टक्के दराने ५ लाख ६० हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि कमाल ३० हजारांची नोंदणी फी लागते, हीसुद्धा आपल्याच वाट्याची रक्कम असते, तेव्हा तिचीही तरतूद दाखवता आली पाहिजे. साठेखतावर पूर्ण शुल्क आधीच भरले असेल तर ते खरेदीखताच्या वेळी जमेस धरले जाते.

यानंतर वकिलामार्फत नोटीस पाठवावी. पोचपावतीसह टपालाने पाठवावी आणि तीच ईमेल व व्हॉट्सॲपवरही द्यावी. तिचा गाभा साधारण असा असावा:

‘दि. … रोजीच्या करारानुसार ठरलेल्या एकूण ८० लाख रुपयांपैकी ८ लाख रुपये आपणास मिळालेले आहेत. उर्वरित ७२ लाख रुपये देऊन खरेदीखत करून घेण्यास मी कराराच्या तारखेपासून तयार होतो, आजही आहे व पुढेही राहीन. दि. … रोजी सकाळी ११ वाजता मी दुय्यम निबंधक कार्यालयात हजर राहीन. आपण मूळ कागदपत्रे व सर्व सहहिस्सेदारांसह तेथे यावे.’

आणि त्या दिवशी खरोखरच जावे. दस्ताची माहिती नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर आधी भरून तिचा क्रमांक घ्यावा, वेळ राखून ठेवावी, खरेदीखताचा मसुदा, रकमेच्या तयारीचे कागद आणि दोन साक्षीदार बरोबर न्यावेत. विकणारा आला नाही तर तेथूनच त्याला ‘मी अमुक वाजल्यापासून येथे थांबलो आहे’ असा संदेश करावा, आणि त्याच दिवशी साक्षीदारांसह हजेरीचे प्रतिज्ञापत्र करून ठेवावे. दावा उभा राहतो तेव्हा उलटतपासणीत पहिला प्रश्न याच दिवसाबद्दल येतो, आणि ज्याच्याजवळ हे कागद आहेत त्याला उत्तर द्यायला वेळ लागत नाही.

स्वतःची बाजू तपासताना प्रामाणिक राहावे. करारात पुढचा हप्ता साठ दिवसांत द्यायचे ठरले होते आणि तो आपणच दिला नाही, तर विकणाऱ्याने व्यवहार मोडला असे म्हणणे अवघड आहे. स्थावर मालमत्तेच्या करारात वेळ हा सहसा कराराचा गाभा मानला जात नाही, हे तत्त्व जुने आहे, परंतु म्हणून कितीही उशीर चालतो असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली के. एस. विद्यानादम प्रकरणात चढत्या किमतींच्या काळात ठरलेल्या मुदतींकडे दुर्लक्ष करता येणार नाही असे बजावले आहे.

दावा दाखल करताना

मुदतीच्या कायद्याने तीन वर्षे दिली आहेत. करारात खरेदीखताची तारीख ठरली असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर विकणाऱ्याने नकार दिल्याचे समजले त्या दिवसापासून ती मोजतात. पण तीन वर्षे आहेत म्हणून अडीच वर्षे थांबू नये. उशिराचे कारण देता आले नाही तर इच्छेवरच शंका येते. नकार लेखी मिळाल्यानंतर काही आठवड्यांत दावा जाणे उत्तम.

दावा मालमत्ता जेथे आहे तेथील दिवाणी न्यायालयात करावा लागतो. न्यायालयीन शुल्क ठरलेल्या किमतीवर आकारले जाते आणि महाराष्ट्रात त्याची कमाल मर्यादा १० लाख रुपये आहे. मागण्या लिहिताना काटकसर करू नये. करारपूर्ती, ताबा, त्याशिवाय नुकसानभरपाई, आणि हे काहीच न मिळाल्यास इसाराची रक्कम व्याजासह परत, अशा सर्व मागण्या एकाच दाव्यात असाव्यात, कारण परताव्याची मागणी दाव्यात केलेली नसेल तर विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे न्यायालय ती आपणहून देत नाही. दुरुस्ती करून ती नंतर घालता येते, पण मुळातच घातलेली बरी. विकणाऱ्याने ‘करार रद्द केला आहे’ असे पत्र पाठवले असेल तर ते रद्द करणे बेकायदा असल्याचे जाहीर करण्याची मागणीही घालावी. २०१३ च्या आय. एस. सिकंदर निकालात या एका मागणीच्या अभावी दावा टिकला नाही. नंतरच्या निकालांनी हे तत्त्व मवाळ केले असले तरी एक ओळ जास्त लिहिण्याने काहीच बिघडत नाही.

दाव्याबरोबर मनाई हुकुमाचा अर्ज द्यावा, म्हणजे निकाल लागेपर्यंत विकणाऱ्याला ती मालमत्ता दुसऱ्याला विकता किंवा गहाण ठेवता येणार नाही. याच्याच जोडीला महाराष्ट्रात एक गोष्ट विसरू नये. दावा चालू असताना झालेली विक्री निकालाच्या अधीन राहते, हे मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५२ चे तत्त्व देशभर आहे, पण आपल्याकडे या कलमाला मुंबई प्रांताच्या काळापासूनची दुरुस्ती आहे. मुंबईसह ज्या भागांना ती लागू आहे, तेथे प्रलंबित दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेली असेल तरच या कलमाचा आधार मिळतो. वकील तिला लिस पेंडन्सची नोटीस म्हणतात. खर्च थोडा असतो, आणि दावा दाखल झाल्याबरोबर ती नोंदवून टाकावी. मालमत्तेची शोधपत्रे काढणाऱ्या पुढच्या प्रत्येक खरेदीदाराच्या वकिलाला मग ती दिसते. दाव्यापूर्वी स्थानिक वृत्तपत्रात जाहीर नोटीस देण्याचा प्रघातही उपयोगी आहे. आपल्या कराराची सोसायटीला लेखी माहिती देऊन पोच घ्यावी, आणि विकणाऱ्याचे कर्ज चालू असेल तर त्याच्या बँकेलाही कळवावे.

आधीच दुसऱ्याला विक्री झाली असेल, तरी सगळे संपले असे नाही. त्या खरेदीदाराने पूर्ण मोबदला देऊन, प्रामाणिकपणे आणि तुमच्या कराराची माहिती नसताना घेतले असेल तरच त्याला संरक्षण मिळते. इंडेक्स टू, म्हणजे दुय्यम निबंधक कार्यालयातील नोंदलेल्या दस्ताचा उतारा, काढून विक्रीची तारीख पाहावी, त्याला दाव्यात प्रतिवादी करावे, आणि तुमचा करार त्याला ठाऊक होता हे दाखवणारे जे असेल ते जोडावे. जाहीर नोटीस, नोंदणी आणि सोसायटीला दिलेले पत्र यांचे महत्त्व येथे कळते.

सहहिस्सेदारांनी सही न केल्याची तक्रार खरी असेल तर करार ज्यांनी केला त्यांच्या हिश्शापुरतेच काही मिळू शकते, तेही अटींसह. शेतजमिनीच्या बाबतीत आणखी एक पायरी आहे. बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही आणि भोगवटादार वर्ग दोनच्या, म्हणजे हस्तांतरणावर सरकारी निर्बंध असलेल्या, जमिनीला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. परवानगी आणण्याची जबाबदारी करारात विकणाऱ्यावर टाकलेली असेल, तर त्याने अर्जच न करता तिचे कारण पुढे करू नये, हे नोटिशीत स्पष्ट लिहावे.

पैसेच परत हवे असतील तर

मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५५ नुसार, खरेदीदाराने रीतसर दिलेल्या आगाऊ रकमेचा त्या मालमत्तेवर बोजा असतो, व्याजासह. म्हणजे विकणारा हात वर करत असेल तर रक्कम मालमत्तेतून वसूल करण्याची मागणी दाव्यात करता येते. तडजोडीने मिटत असेल तर रद्दलेखात परत येणारी रक्कम, व्याज, तुमचा प्रक्रिया खर्च आणि पैसे कोणत्या तारखेला बँकेतून येणार हे सगळे लिहून घ्यावे, आणि रक्कम खात्यात जमा होईपर्यंत नोंदणीकृत रद्दलेखावर सही करू नये. पुढच्या तारखेचे धनादेश देऊन आज सही मागणाऱ्याला नकार द्यावा. भरलेल्या मुद्रांक शुल्काच्या परताव्याची सर्वसाधारण मुदत सहा महिन्यांची असल्यामुळे तो अर्ज लगेच करावा. ५० लाख किंवा त्याहून मोठ्या व्यवहारात इसारातून एक टक्का कर कापून भरला असेल, तर तोही आयकर विभागाकडून परत मागता येतो. विकणारा नोटिशीनंतर बोलायला तयार झाला तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व प्रकरण नेऊन लोकअदालतीत तडजोड नोंदवावी. त्या निवाड्याची अंमलबजावणी दिवाणी हुकुमासारखी होते.

बिल्डरने नव्या फ्लॅटचे बुकिंग रद्द केले असेल तर मार्ग वेगळा आणि बराच सोपा आहे. रेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांचे नियमन करणाऱ्या कायद्यानुसार विकासकाला करारातील अटींप्रमाणेच वाटप रद्द करता येते, आणि नोंदणीकृत कराराशिवाय त्याला दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. या दोन्हींबद्दल महारेराकडे, म्हणजे या कायद्याखालील राज्याच्या प्राधिकरणाकडे, तक्रार करता येते. जुन्या फ्लॅटची दोन व्यक्तींमधली विक्री मात्र महारेराच्या कक्षेत येत नाही, आणि ग्राहक आयोगही अशा निव्वळ विक्रीच्या वादात सहसा पडत नाही.

पोलिसांबद्दल एवढेच सांगतो, की करार मोडणे म्हणजे फसवणूक नव्हे. व्यवहार करतानाच विकणाऱ्याचा हेतू लबाडीचा होता, उदाहरणार्थ तोच फ्लॅट त्याने तिघांना विकला होता किंवा मालकीची बनावट कागदपत्रे दाखवली होती, असे असेल तरच भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली तक्रार टिकते. केवळ दबावासाठी केलेली फिर्याद रद्द होते आणि दिवाणी दाव्यातही आपली पत कमी करते.

हुकूम आपल्या बाजूने लागल्यावर त्यात उरलेली रक्कम भरण्याची मुदत दिलेली असते. ती पाळणे अत्यावश्यक आहे. मुदतीत रक्कम भरली नाही तर विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम २८ खाली विकणारा करार रद्द करून मागू शकतो, आणि इतक्या वर्षांचे काम वाया जाते. अपील दाखल झाले तरी स्थगिती नसेल तर रक्कम न्यायालयात भरून पावती घ्यावी. त्यानंतरही विकणारा सहीला आला नाही तर दरखास्त, म्हणजे हुकुमाच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करून खरेदीखताचा मसुदा न्यायालयापुढे ठेवावा. विकणाऱ्याच्या वतीने न्यायालयच त्यावर सही करते, आणि तो दस्त दुय्यम निबंधकाकडे इतर कोणत्याही खरेदीखतासारखाच नोंदवला जातो.